कोनचिरिसान : फादर नसताना

"या वर्षी जपानच्या इतिहासावर काहीतरी लिही" असा संपादकांचा मेल आला, तेव्हा नेहमीप्रमाणे मी तो दोन आठवडे तसाच ठेवला. मी कम्प्युटर इंजिनिअर. बँकांच्या जुन्या सिस्टिम्स नव्या सर्व्हरवर हलवून देणं हे माझं काम. लिहिण्याशी संबंध येतो तो डिझाइन डॉक्युमेंटपुरता, आणि ती कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण २०२१ पासून एक विषय डोक्यात घर करून बसला होता. म्हटलं, आता लिहूनच टाकावा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी थोडी ओळख. मी वसईचा. घरात मराठी, धर्माने कॅथलिक. टोकियोत नवीन ओळख झाली की बऱ्याच मंडळींना हे जरा चमत्कारिक वाटतं. "म्हणजे मूळचे गोव्याचे का?" असा प्रश्न हमखास येतो. नाही हो, वसईचेच. आमची मिस्सा मराठीत, जपमाळ मराठीत आणि भांडणंही मराठीतच. गणपतीला मंडळात मोदक खायला मी सगळ्यांच्या आधी हजर असतो, ते तुम्ही पाहिलंच आहे.

लहानपणी शनिवारी संध्याकाळी आजी आम्हा भावंडांना चर्चमध्ये घेऊन जायची, कन्फेशनला. मराठीत आम्ही त्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतो. लाकडी जाळीपलीकडे फादर बसलेले असायचे. आपण गुडघे टेकायचे, काय काय चुकलं ते सांगायचं, अनुतापाची प्रार्थना म्हणायची, आणि मग फादर ख्रिस्ताच्या नावाने क्षमा जाहीर करायचे. मी दर वेळी तीच तीन पापं सांगायचो: खोटं बोललो, धाकट्याला मारलं, अभ्यास केला नाही. आजी मात्र आत बराच वेळ असायची. एवढी साधी बाई, तिच्याकडे सांगण्यासारखं एवढं काय असेल, याचं मला फार कुतूहल वाटायचं.

कॅथलिक धर्मात असे सात संस्कार आहेत. त्यातला बाप्तिस्मा वेळ पडली तर कुणीही देऊ शकतो. लग्नात वधू-वरच एकमेकांना संस्कार देतात, असं रोमन परंपरा मानते. पण मिस्सा, प्रायश्चित्त आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, हे धर्मगुरूशिवाय होत नाहीत. म्हणजे माणसाला ऐन अडचणीत ज्यांची गरज लागते, नेमके तेच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आजी रुग्णालयात होती. ऑक्सिजन लावलेला. वॉर्डात नातेवाईकांना प्रवेश नव्हता, फादरांनाही नव्हता. मी टोकियोत. निघालो असतो तरी परत येता येईल का याची खात्री नव्हती, आणि तिथे पोहोचूनही तिच्यापर्यंत जाता आलं नसतंच. एका सिस्टरने मोठ्या मनाने दिवसातून पाच मिनिटं व्हिडिओ कॉल लावून द्यायचं कबूल केलं होतं. माझ्या इंजिनिअर डोक्याने लगेच मार्ग काढला. गावच्या फादरांना फोन केला. म्हटलं, "फादर, मी तुम्हाला कॉलमध्ये जोडतो. तुम्ही तिचं कन्फेशन ऐका आणि क्षमा द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळा, संस्कार फोनवर होत नाही. प्रार्थना होते. मला जोड, मी तिच्याबरोबर अनुतापाची प्रार्थना म्हणतो."

तसं केलं. फादर एकेक ओळ सावकाश म्हणत होते. मास्कमुळे आजीचा आवाज येत नव्हता, फक्त श्वासाची वाफ मास्कवर येत-जात होती. ती बरोबर म्हणत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

खरं सांगतो, मला त्या वेळी भयंकर राग आला होता. सत्तर वर्षं जिने एक शनिवार चुकवला नाही, तिला शेवटी एक वाक्य मिळू नये? आणि तेही नियमावर बोट ठेवून? आमच्या धंद्यात अशा वेळी आम्ही बायपास काढतो, आणि नंतर डॉक्युमेंट अपडेट करतो.

या रागाचं उत्तर मला मिळालं ते टोकियोत नाही, वसईतही नाही. ते मिळालं नागासाकीत.

* * *

२०२३ च्या सुरुवातीला ऑफिसच्या कामासाठी नागासाकीला गेलो होतो. काम शुक्रवारी संपलं, वीकएंड हाताशी होता. स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी आहे. तिथे एका लांब दगडी भिंतीवर ब्राँझचे २६ पुतळे ओळीने उभे आहेत. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, साल १९६२. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं गेलं, तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकुमाने. त्यातले २० जण जपानी होते. आणि एक होता आमच्या वसईचा, गोन्सालो गार्सिया.

वसईत त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. आम्ही लहानपणापासून त्याचा सण पाळतो. साधारण १५५६-५७ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी तो जपानला आला, व्यापारात पडला, जपानी भाषा शिकला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. मिशनऱ्यांचा दुभाषा म्हणून तो परत जपानला आला. म्हणजे बघा, भारतातून जपानला येऊन भाषेच्या जोरावर काम करणारा वसईकर! आमच्यासारख्यांचा तो आद्यपुरुषच म्हणायला हवा.

जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवातही आपल्याच किनाऱ्यावरून झाली आहे. सात्सुमा प्रांतातला अंजिरो नावाचा माणूस, हातून खून झाला म्हणून देश सोडून पळाला होता. मलाक्कात त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. तिथून तो गोव्याला आला आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्या वर्षी तो झेवियरला घेऊन निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी ही मंडळी कागोशिमाला उतरली. या सगळ्या कथेचं पहिलं पान एका खुन्याच्या पश्चात्तापाने उघडतं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे दीड लाखावर गेली. धर्मगुरू मात्र काही डझनच. एका फादरच्या वाट्याला हजारो माणसं, मध्ये डोंगर आणि समुद्र. कित्येक गावांना वर्षातून एकदाही फादर दिसत नसत. म्हणजे छळ सुरू होण्याच्या आधीपासूनच जपानमध्ये "फादर नसताना काय करायचं?" हा रोजचा प्रश्न होता.

* * *

इथे थोडं धर्मशास्त्र सांगावं लागेल. घाबरू नका, मी काही पंडित नाही. मला समजलं तेवढंच सांगतो.

१२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा तरी धर्मगुरूपाशी पाप कबूल करावं. मग जिथे धर्मगुरूच नाही तिथे? मेलं कुणी जंगलात, बुडालं कुणी समुद्रात, तर त्याचं काय? याचं नेमकं उत्तर ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये दिलं, म्हणजे झेवियर जपानमध्ये उतरल्यानंतर दोनच वर्षांनी.

परिषद म्हणते, पश्चात्ताप दोन प्रकारचा असतो. एक अपूर्ण. नरकाची भीती वाटते, शिक्षेची भीती वाटते, आपल्याच पापाची किळस येते, म्हणून माणूस वळतो. हाही चांगला, देवाचीच देणगी. पण त्याला प्रायश्चित्त संस्काराची जोड लागते. दुसरा परिपूर्ण पश्चात्ताप. तो भीतीतून येत नाही, प्रेमातून येतो. ज्याने माझ्यावर एवढी माया केली त्याला मी दुखावलं, या जाणिवेने मन फाटतं, आणि पुन्हा असं करणार नाही असा निश्चय होतो. असा पश्चात्ताप झाला तर संस्कार प्रत्यक्ष मिळण्याआधीच माणसाचा देवाशी समेट होतो. मात्र एक अट: त्या पश्चात्तापाच्या पोटातच संस्काराची ओढ असली पाहिजे. फादर भेटतील तेव्हा मी त्यांच्यापाशी जाईन, हा निश्चय त्यात धरलेला आहे.

मला पहिल्यांदा वाटलं होतं की हा ऑफलाइन मोड आहे. नेटवर्क नाही ना, मग कमी फीचर्समध्ये काम चालवा. पण नीट पाहिलं तर उलट आहे. फादर समोर असताना भीतीपोटी आलेला पश्चात्तापही चालतो. फादर नसताना मागणी वाढते. तिथे प्रेमच लागतं. धर्मगुरूविना जाणारी वाट जवळची नाही, चढाची आहे.

आणखी एक तारीख. १६०२ मध्ये पोप क्लेमेंट आठवे यांच्या काळात रोमने स्पष्ट केलं की दूर असलेल्या धर्मगुरूला पत्राने किंवा निरोप्यामार्फत पाप कळवून त्याच्याकडून तशीच क्षमा मिळवणं चालणार नाही. पाप सांगणारा आणि क्षमा देणारा समोरासमोर हवेत. हे वाचलं तेव्हा मी संग्रहालयाच्या बाकावर बसून स्वतःशीच हसलो. माझी व्हॉट्सॲपची युक्ती चारशे वर्षांपूर्वीच कुणीतरी सुचवली होती आणि ती नाकारलीही गेली होती! २००२ साली इंटरनेटवर काढलेल्या एका दस्तावेजातही व्हॅटिकनने तेच सांगितलं: इंटरनेटवर संस्कार होत नाहीत.

* * *

१६०३ च्या सुमारास जपानमध्ये एक छोटी पुस्तिका तयार झाली. नाव 'कोनचिरिसान नो रियाकु', म्हणजे परिपूर्ण पश्चात्तापाचा संक्षेप. पोर्तुगीज 'कोंत्रिसांव' या शब्दाचं जपानी तोंडात 'कोनचिरिसान' झालं. जपानचे तेव्हाचे बिशप लुईस सेर्केइरा यांच्या काळातलं हे काम. खरा पश्चात्ताप म्हणजे काय, तो मनात कसा जागवायचा, आणि शेवटी म्हणायची एक प्रार्थना, असा सगळा मजकूर शेतकऱ्या-कोळ्यांना समजेल अशा साध्या जपानीत होता. जेसुइटांचं छपाईयंत्र जपानमध्ये आलं होतं १५९० मध्ये, युरोपातून गोव्यामार्गे. पण त्या काळातली कोनचिरिसानची छापील प्रत आज उरलेली नाही. उरल्या त्या हातांनी उतरवलेल्या प्रती. का, ते पुढे कळेलच.

१६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. तेव्हा जपानमध्ये सुमारे तीन लाख ख्रिस्ती होते, असा अंदाज सांगितला जातो. धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं. काहीजण लपून राहिले आणि एकेक करून पकडले गेले. १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड झालं आणि ते चिरडलं गेलं. १६४४ मध्ये कोनिशी मानशो हा शेवटचा जपानी धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर लोकांसाठी फादर उरला नाही. एकही नाही. १६४४ ते १८६५ ही सव्वादोनशे वर्षं तशीच गेली.

प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात करणं सक्तीचं झालं. पाच-पाच घरांचे गट केले गेले. एक सापडला तर पाचही घरांना शिक्षा. आणि दरवर्षी 'फुमिए' होई. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि गावातल्या प्रत्येकाने तीवर पाय द्यायचा. नकार दिला तर अटक, छळ, मरण. एंदो शुसाकु यांची 'चिन्मोकु' ही १९६६ ची कादंबरी याच विषयावर आहे. मार्टिन स्कॉर्सेसीने त्यावर २०१६ मध्ये 'सायलेन्स' चित्रपट काढला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

बहुतेकांनी पाय दिला. त्यांना मुलंबाळं होती, शेजारची पाच घरं होती. हुतात्म्यांचे पुतळे उभे राहतात, पण ही पाय देणारी माणसं होती म्हणून तर पुढची पिढी जन्माला आली! पाय देऊन ती घरी यायची, दार लावून घ्यायची आणि हलक्या आवाजात कोनचिरिसान म्हणायची. पुढच्या वर्षी पुन्हा पाय, पुन्हा कोनचिरिसान. कुणी मरणाला टेकलं की त्याच्या उशाशीही कोनचिरिसान.

"पुन्हा करणार नाही" असं म्हणायचं आणि पुढच्या वर्षी तेच करावं लागणार हे माहीत असायचं, तेव्हा या माणसांच्या मनाचं काय होत असेल? पुस्तकात पश्चात्तापाची व्याख्या चार ओळींत बसते. या लोकांनी ती सात पिढ्या अंगावर वागवली.

त्यांची व्यवस्थाही बघण्यासारखी होती. गावात एक 'चोकाता' असे. सणवार आणि उपासाचे दिवस मोजणारा, पंचांग सांभाळणारा. एक 'मिझुकाता', म्हणजे पाणी घालून बाप्तिस्मा देणारा. आणि एक 'किकियाकु', घरोघरी निरोप पोहोचवणारा. जो संस्कार धर्मगुरूविना देता येतो तो त्यांनी नेमाने चालू ठेवला. क्षमा जाहीर करायला किंवा मिस्सा करायला मात्र ही नेमणूक नव्हती. त्या जागी त्यांच्याकडे होतं कोनचिरिसान, आणि वाट पाहणं.

* * *

दुसऱ्या दिवशी मी बसने सोतोमेला गेलो. नागासाकी शहरातून तासाभराहून थोडा जास्त प्रवास. एका बाजूला खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला उभे डोंगर. आमच्या अर्नाळ्या-वसईच्या सपाट बागायतीत वाढलेल्या माणसाला प्रश्न पडतो की इथे शेती करतात तरी कशी. याच भागात बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाची कथा सांगतात. चर्चचं पंचांग त्याने लोकांना दिलं आणि मग तो पकडला जाऊन मारला गेला. जाताना तो लोकांना एक भविष्य सांगून गेला. त्याचा सारांश असा: सात पिढ्या तुम्ही माझी मुलं. त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजातून कन्फेशन ऐकणारे फादर येतील आणि तुम्हाला दर आठवड्याला कन्फेशन करता येईल.

मी हे वाचून थबकलो. विचार करा, पिचलेली, गरीब माणसं. त्यांना कुणी भविष्य सांगायचं तर काय सांगेल? भात पिकेल, कर माफ होतील, जुलमी राजा मरेल. आणि इथे वचन काय दिलं जातंय, तर दर आठवड्याला आपली पापं कुणाला तरी सांगता येतील! मला आमच्या शनिवारच्या रांगा आठवल्या. मी कंटाळून पाय घासत उभा असायचो, ती रांग या लोकांचं स्वप्न होती.

कारेमात्सु नावाच्या देवस्थानापाशी झाडीत एक मोठा खडक आहे. बाहेरून शिंतो देऊळ, पण स्मरण एका फादरचं, 'सान जिवान'. या खडकाच्या आडोशाला लोक रात्री जमायचे आणि 'ओराश्यो' पाठ करायचे. लॅटिन 'ओरात्सिओ'चं ते रूप. पिढ्यान् पिढ्या घासून शब्द ओळखू येईनासे झाले, अर्थ हरवले, पण पाठांतर सुटलं नाही. आपल्याकडे कित्येक घरांत अर्थ न कळता स्तोत्रं म्हटली जातात, तसंच. मी तिथे एकटाच होतो. आजीची मराठी अनुतापाची प्रार्थना म्हणून पाहिली. मधली एक ओळ विसरलो होतो. कुणी ऐकायला नव्हतं, तरी लाज वाटली.

* * *

आता या कथेचा कळस. १८५० च्या दशकात जपानचे दरवाजे उघडले. नागासाकीत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी चर्च बांधायला परवानगी मिळाली. ओउरा टेकडीवर फ्रेंच धर्मगुरूंनी चर्च बांधलं आणि ते अर्पण केलं त्या २६ हुतात्म्यांना. त्यांना रोमने १८६२ मध्येच संत म्हणून जाहीर केलं होतं. म्हणजे आमचा वसईकर या चर्चच्या पाटीवरही आहे.

१७ मार्च १८६५. दुपारची वेळ. दारात पंधराएक जपानी माणसं घोटाळत होती. फादर बर्नार पेतीजाँ यांनी त्यांना आत घेतलं. फादर प्रार्थनेला बसले, तेवढ्यात उराकामी गावची सुगिमोतो युरी नावाची बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आम्हा सगळ्यांचं हृदय तुमच्या हृदयासारखंच आहे. मग तिने विचारलं, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे?

सव्वादोनशे वर्षं ज्यांना जगाने संपलेले मानलं होतं, ते हजारोंच्या संख्येने गावागावांतून पुढे आले. फादर लग्न न केलेले आहेत का, रोमच्या पोपला मानतात का, हेही त्यांनी विचारून घेतलं. पूर्वजांनी खुणा सांगून ठेवल्या होत्या, आणि या लोकांनी व्हेरिफिकेशन केल्याशिवाय लॉगिन दिलं नाही! पेतीजाँ यांनी पुढे १८६९ मध्ये कोनचिरिसानची पुस्तिका छापूनही काढली.

बंदी मात्र अजून उठली नव्हती. तरी हे लोक काय मागत होते? कन्फेशन. उराकामीत गुप्त प्रार्थनाघरं उभी राहिली. फादर रात्री वेष बदलून यायचे. १८६७ मध्ये धाडी पडल्या आणि पुढच्या वर्षांत उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशभर हद्दपार केलं गेलं. त्यातले ६०० हून जास्त परागंदा अवस्थेतच मेले. १८७३ मध्ये बंदीचे फलक काढले गेले आणि उरलेले घरी परतले.

सगळेच चर्चमध्ये परतले असं मात्र नाही. काहींनी पूर्वजांचीच रीत चालू ठेवली. इकित्सुकी बेटावर ओराश्यो म्हणणारी थोडी माणसं आजच्या काळातही राहिली आहेत. त्यांना चूक ठरवायची माझी छाती नाही. ज्या वाटेने आजोबा-पणजोबांनी जीव धोक्यात घालून देव सांभाळला, ती वाट सोडणं सोपं नसतं.

* * *

आता माझ्या रागाकडे वळतो.

२० मार्च २०२० रोजी, करोनाने इटलीत थैमान घातलं असताना, पोप फ्रान्सिस यांनी सकाळच्या मिस्सेत घरात अडकलेल्या लोकांना सांगितलं की फादर मिळत नसतील तर थेट देवाशी बोला, मनापासून पश्चात्ताप करा, आणि नंतर कन्फेशनला जाईन असं वचन द्या. त्याच दिवशी व्हॅटिकनच्या संबंधित कार्यालयानेही तसं लेखी कळवलं. जगभर बातमी झाली, जणू काही नवीनच सवलत निघाली. प्रत्यक्षात ती ट्रेंटचीच शिकवण होती, आणि सोतोमेच्या कोळणींना ती तोंडपाठ होती.

मी फादरांकडे बायपास मागत होतो. फोनवर एक वाक्य म्हणून टाका आणि फाइल बंद करा. त्यांनी तसं केलं असतं, तर मला बरं वाटलं असतं, मला! पण मग सोतोमेच्या लोकांच्या वाट पाहण्याला काय अर्थ राहिला? जी गोष्ट कशीही, कुठूनही मिळते तिची कुणी सात पिढ्या वाट बघत नाही. फादरांनी नियमावर बोट ठेवलं आणि आजीला टाकून दिलं, असं मी धरून बसलो होतो. खरं तर दार बंद आहे हे प्रामाणिकपणे सांगून, जे दार उघडं होतं तिथे ते तिला घेऊन गेले, आणि स्वतः बरोबर चालले. अनुतापाची प्रार्थना ही उरलीसुरली सोय नव्हती. लाखो माणसांनी मरणाच्या उशाशी तीच म्हटली आहे.

मास्कमागे आजी ती म्हणत होती का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण आता तो प्रश्न मला पूर्वीसारखा कुरतडत नाही. सत्तर वर्षांचे शनिवार ती जाळीपाशी बराच वेळ बसायची, ती काय मोठमोठी पापं सांगत नसणार. ती प्रेमाचा सराव करत असणार. आणि संस्काराची ओढ? ती जर आजीला नव्हती, तर जगात कुणालाच नव्हती.

नागासाकीहून परतल्यावर पुढच्याच शनिवारी मी टोकियोतल्या आमच्या चर्चमध्ये कन्फेशनला गेलो. किती वर्षांनी ते विचारू नका. फादर जपानी, माझी जपानी ऑफिसची. क्लायंटची माफी मागायच्या भाषेत देवाची माफी मागितली. फादर हसले असावेत, पण जाळीमुळे दिसलं नाही.

दिवाळीच्याच आसपास, २ नोव्हेंबरला, आमच्याकडे मृतांचा दिवस येतो. वसईत त्या दिवशी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागतात. गेल्या वर्षी मी सुट्टी काढून घरी गेलो होतो. आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि अनुतापाची प्रार्थना म्हटली. विसरलेली ओळ आता पाठ झाली आहे.

मंडळी, अणुबॉम्बचं संग्रहालय बघायला तुम्ही कधीतरी नागासाकीला जालच. तेव्हा स्टेशनजवळच्या निशिझाका टेकडीवर दहा मिनिटं काढा. त्या २६ जणांत आपला एक वसईकर आहे, त्याला मराठीत नमस्कार करा. चारशे वर्षांहून जास्त काळ तो परदेशात आहे. आपल्या भाषेतले दोन शब्द ऐकून त्याला बरं वाटेल.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!